वाकड्या मिस्त्रीची गाडी

बासष्टाव्या वर्षी बाई एकटी कोल्हापूरहून नागपूरला निघते आणि कशासाठी, तर म्हणे दोन खेळण्यातल्या मोटारी एका म्हाताऱ्याला दाखवायला! माझ्या भावजयीने कपाळाला हात लावला. आईने मात्र काही विचारलं नाही. शेंगदाण्याच्या चटणीचा एक जास्तीचा डबा भरला, "देवाजीला दे," म्हणाली आणि टीव्ही लावून बसली. आई पंच्याऐंशीची आहे. तिला जे सांगायचं नसतं ते कुणाचा बाप तिच्याकडून काढू शकत नाही.

"खेळण्यातल्या" हा शब्द मला झोंबतो, म्हणून आधी तोच खोडून टाकते. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या मोटारींच्या प्रतिकृती जोडते. रेझिन नावाचा एक पातळ पदार्थ रबरी साच्यात ओतला की तो घट्ट होतो. तसे गाडीचे सुटे भाग करून डब्यात घालून विकतात, त्याला किट म्हणायचं. घासणं, चिकटवणं, रंगवणं आपल्या नशिबी. माझ्या पिशवीत होती ती दोन किटं एकाच रेसिंग कारची होती. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची, लांबुळकी, एका माणसाची गाडी, चोवीस पटींनी लहान केलेली, म्हणजे साधारण वीतभर. एक किट बंगळुरूच्या कुणा हौशी माणसाने काढलेलं, दुसरं झेक देशातल्या कुणीतरी. दोघांनीही थोडीच काढली आणि आता शोधूनही मिळत नाहीत.

आणि गंमत म्हणजे दोन्ही जुळत नाहीत. चालक ज्या खाचेत बसतो तिच्या कडेला बंगळुरूची गाडी खांदे ताठ करून बसलेली, आणि झेक गाडीचे खांदे उतरलेले. कॅलिपरने मोजलं तर फरक दीड मिलिमीटरचा. खऱ्या गाडीवर तो दोन बोटं होतो. हे असं का, ते मला डबे उघडल्याबरोबर कळलं. त्या गाडीचे धड फोटो जगात दोनच आहेत, एक डावीकडून काढलेला, एक उजवीकडून. बंगळुरूच्या माणसाने डावी बाजू पाहून अर्धी गाडी काढली आणि संगणकात ती आरशासारखी उलटवून दुसरी अर्धी केली. झेकवाल्याने तेच उजवीकडून केलं. चूक त्यांची नाही, गाडीच्या दोन बाजू सारख्या असणार असं कुणीही धरून चालेल. या गाडीच्या नव्हत्या. डावी बाजू माझ्या बाबांनी ठोकली होती आणि उजवी देवाजीकाकांनी.

मी तिसरीत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज होतं आणि गॅरेजमालकाला शर्यतीचा नाद होता. त्याने मद्रासहून एका इंग्रजी रेसिंग कारचा नुसता सांगाडा आणला, इंजिन आणि चाकं असलेला, पण अंगावर पत्रा नसलेला. तो चढवायचं काम बाबांना, म्हणजे विष्णू मिस्त्रींना मिळालं. जोडीला नागपूरहून कामाच्या शोधात आलेले देवाजी गजभिये. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे. लाकडी मोगरीने ॲल्युमिनियम ठोकल्याचा तो ठप्प ठप्प आवाज, पत्र्याखाली ठेवलेल्या वाळूच्या पिशवीतून उडणारी धूळ, भट्टीजवळ जळक्या साबणाचा वास. आजही कुठे साबण करपल्याचा वास आला की मला भूक लागते, कारण त्या वासात मी बाबांच्या डब्यातला घास खायचे. ते दोघे एकाच डब्यात जेवायचे आणि तिसरी मी.

गाडी मद्रासकडच्या एका जुन्या धावपट्टीवर पळाली, जिंकलीही. पण परत आली ती खाचेपाशी पत्रा तडकून. मालक मागे उभा राहून एक डोळा मिटून पाहायला लागला. डावा खांदा वर, उजवा खाली. वाकडं कुणाचं? देवाजीकाका म्हणाले, माझी बाजू मापात आहे. बाबा म्हणाले, माझी सरळ आहे. देवाजीकाकांच्या बाजूत तोंड दिसायचं इतकी सफाई, बाबांच्या बाजूवर हातोडीचे वण. मालकाने सफाईवर विश्वास ठेवला. रेसिंगचं काम बाबांच्या हातून गेलं ते गेलंच. पुढे चाळीस वर्षं ते हायवेच्या कडेला ट्रकचे मडगार्ड ठोकत राहिले. गल्लीत त्यांना "वाकडा मिस्त्री" म्हणायला लागले आणि शाळेत मी "वाकड्याची पोर" झाले. देवाजीकाका वर्षभरात नागपूरला परतले. गाडी विकली गेली आणि परदेशात कुठेतरी मोडीत निघाली.

बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. "माझी बाजू सरळ होती," एवढंच ते अखेरपर्यंत म्हणत आले. देवाजीची वाकडी होती, असं मात्र कधी म्हणाले नाहीत, आणि माझा सगळा संशय तिथेच होता. बाबांना स्वतःलाच खात्री नव्हती की काय? दोन किटं समोर ठेवून मी महिनाभर नुसती बघत बसले. एक सगळी बाबांची गाडी, एक सगळी देवाजीकाकांची. यातली खरी मापाची कोणती, हे सांगू शकणारा एकच माणूस जिवंत होता. दर उन्हाळ्यात त्याच्याकडून आमच्या घरी भिवापुरी मिरचीचं पार्सल यायचं, त्यावरचा पत्ता आणि फोन नंबर आईने जपून ठेवला होता. फोन केला. "या," एवढंच पलीकडून ऐकू आलं.

पहिला दिवस: हिंगणा

मार्च संपत आला होता. आमच्याकडे मार्चमध्ये ऊन लागतं. नागपुरात ते अंगावर बसतं. हिंगण्याला पोचले तेव्हा कारखान्यांची पाळी बदलत होती. एकीकडून मोटरसायकलींचा लोंढा बाहेर येत होता, दुसरीकडे कंपन्यांच्या बस माणसं उतरवत होत्या. देवाजीकाकांचा मुलगा त्यातल्याच एका बसमधून उतरला, मला घरी घेऊन गेला, पाणी दिलं आणि जाऊन झोपला. रात्रपाळी करून आला होता बिचारा.

दारात देवाजीकाका उभे होते. एकोणऐंशीचे. माझ्या आठवणीतला उंच, काटक माणूस आता दाराच्या चौकटीत सहज मावत होता. डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, तरी नजर अधू. बोटं मात्र तीच, जाड आणि टोकाला चपटी.

"जय भीम. ये वं पोरी," ते माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाले. "विष्णूचं नाकच घेऊन आली तू थेट."

मी नमस्कार केला आणि लगेच पिशवी सोडायला लागले. मनात इतकी वर्षं साठवलेला राग होता, तो गप्पांमध्ये विरघळण्याआधी काम उरकायचं होतं. तेवढ्यात त्यांची सून सुजाता बाहेर आली. अंगणवाडीत काम करते, आवाज असा की शंभर पोरं गप्प बसावीत.

"ताई, आधी जेऊन घ्या न. गाड्या काही पळून नाही जाऊन राहिल्या."

जेवायला पाटोडी रस्सा होता. बेसनाच्या वड्या लाल रश्श्यात पोहत होत्या. आम्ही कोल्हापूरची माणसं. तिखट कुणाला सांगता, असा चेहरा करून मी पहिला घास घेतला. काहीच लागलं नाही. दुसरा मोठा घेतला. तिसऱ्याला कानातून वाफ आली. उचकी, डोळ्यांतून पाणी, बोलणं बंद. सुजाता धावत जाऊन दही घेऊन आली.

"भिवापूरची आहे नं," देवाजीकाका हसत म्हणाले. "समोरून काही बोलत नाही, मागून येऊन पकडते."

आमचं तिखट तसं नाही. ते ताटात लाल तर्रीचा गाजावाजा करतच येतं, माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. हे मिरचीचं वागणं मला अजिबात पटलं नाही. पण खरं सांगते, दह्याबरोबर मी तो रस्सा तीनदा घेतला. आणखी एक गोष्ट मनात भरली. आमच्या घरी पाहुण्याला आधी वाढतात आणि बायका मागाहून जेवतात. इथे सुजाता माझ्या शेजारीच पानावर बसली आणि ज्याला जे हवं ते त्याने उठून घ्यायचं. आईचा चटणीचा डबा काकांनी उघडला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि झाकण लावून डबा आपल्याकडे ओढून घेतला.

जेवणानंतर ते आपणहून आपल्या लहानपणाबद्दल बोलायला लागले. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा ते दहा वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेले. "परत येताना बाप म्हने, आता गावकीचं जुनं काम आपल्या घरात कोनी करनार नाही. हातात हुनर पाहिजे. म्हणून मले पत्र्याच्या कामाले लावलं." कोल्हापुरात उतरले तेव्हा ओळखीचं माणूस नव्हतं. पहिले दोन महिने ते आमच्याच पडवीत झोपले होते, हे मी विसरूनच गेले होते.

शेवटी मी डबे उघडून दोन्ही गाड्या सतरंजीवर ठेवल्या. रंग न दिलेल्या, सायीच्या रंगाच्या. कोणती कुणाची ते सांगितलं नाही. देवाजीकाकांनी त्यांना हातच लावला नाही.

"पत्रा डोळ्यानं पाहत नसते. हातानं पाहते. अन् हातावर मलमल पाहिजे."

हे मला ठाऊक होतं. बाबाही तसंच करायचे. उघडा तळवा पत्र्याला चिकटतो, अडतो. मध्ये पातळ कापड घेतलं की तळवा सरकतो आणि केसाएवढा उंचवटाही हाताला सांगून जातो. बाबा आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा वापरायचे. मी माझी ओढणी पुढे केली. चालेना. सुजाताने जुनं धोतर आणलं. तेही चालेना.

"मलमलच पाहिजे. गांधीबागेत भेटते. उद्या घेऊन ये."

घरात मऊ कापडाच्या दोन चळती होत्या. म्हातारा हट्टी आहे, एवढंच मला तेव्हा वाटलं.

दुसरा दिवस: गांधीबाग

गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार आहे. दुकानदार पांढऱ्याशुभ्र गादीवर मांडी घालून बसतात, आणि गिऱ्हाइकानेही चपला काढून गादीवरच बसायचं. आमच्याकडे दुकानदार काउंटरच्या पलीकडे उभा असतो; इथे त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून भाव करायचा. मी पहिल्याच दुकानात बसले आणि हातभर मलमल मागितली.

"हातभर?" दुकानदार दचकला. "बहनजी, इथं थान भेटते. पूरा थान. तुकडा नाही."

"मला थान घेऊन काय गावाला मांडव घालायचाय?" मी म्हणाले. माझा पारा उन्हाबरोबर चढतो.

"मग कायले पाहिजे हातभर?"

सांगितलं. रेसिंगची गाडी, मलमल, तळवा. त्याचा विश्वास बसेना, म्हणून पिशवीतून दोन्ही किटं काढून गादीवर ठेवली. मग काय विचारता. गठ्ठे उचलणारे दोन हमाल थांबले, शेजारच्या दुकानातले शेठ चष्मा लावून आले, आणि पाच मिनिटांत त्या गादीवर माझ्यापेक्षा मोठे तज्ज्ञ जमले.

"दोन्ही एकच तर आहे."

"एक कुठं? हिचा खांदा पाह्य नं. हे पळनारी आहे."

"अन् हे बी पळन, पर जराशी थकलेली दिसून राहिली."

"दुकानावरून घरी जाऊन राहिली हे," शेजारचे शेठ म्हणाले आणि सगळे हसले.

पळणारी म्हणून त्यांनी निवडली ती बंगळुरूची, बाबांच्या बाजूची. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. कापडवाल्यांच्या मताला काय किंमत, असं स्वतःला बजावत होते आणि गाल मात्र हसत होते. दुकानदाराने एका थानाच्या तोंडाचा शिक्का मारलेला तुकडा कापून माझ्या हातात ठेवला आणि वर म्हणाला, "कोनती सही निघते, मले येऊन सांगजा."

दुपारी देवाजीकाकांनी साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. कूलर बंद करायला लावला, कारण ओलसर वाऱ्याने कापड तळव्याला चिकटतं. खोलीत लगेच भट्टी पेटल्यासारखं झालं. ते भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले. मी पहिली गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वर मलमल घातली. वीतभर गाडीवर तळवा काय फिरणार. त्यांनी चार बोटं जुळवून टेकवली आणि नाकापासून मागे सरकवत नेली. एकदा. दोनदा. मग त्यांचा चेहरा हसरा झाला.

"हा विष्णू."

दुसऱ्या बाजूला बोटं गेली. हसू गेलं. "अन् हा बी विष्णू? इकडून बी विष्णूच? हे कसं काय वं?"

मी संगणकाचं, फोटोचं, आरशाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे अशी राहिली असती," ते हळूच म्हणाले आणि बोटं पुन्हा त्या खांद्यावरून नेली. मी दुसरी गाडी ठेवली. कापडावर बोटं टेकली न टेकली तोच त्यांनी हात उचलला, तापलेल्या पातेल्याला लागावा तसा.

"हा मी."

"काका," मी म्हणाले, "यातली मापाची कोणती? मी तेवढ्यासाठीच आलेय."

"आता हात थकला," ते म्हणाले. "उद्या पाहू." उठले, चपला घातल्या आणि चौकात जाऊन बसले.

मी संतापले. पन्नास वर्षं हाच माणूस गप्प बसला, आणि आता मला उद्या म्हणतो! पिशवी भरायला घेतली. सुजाताने माझ्या हातातून डबा काढून घेतला.

"काहून रागावता ताई? तुमचा फोन आला तवापासून ते धड जेवत नाही आहे. काही तरी आहे मनात त्यांच्या. मले बी नाही सांगत. एक दिवस द्या न त्यांले."

दिला. पण झोपेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते आणि प्रत्येक वेळी जिंकत होते.

तिसरा दिवस: पुन्हा हिंगणा

सकाळी चहा होण्याआधीच देवाजीकाका सतरंजीवर येऊन बसले होते. दोन्ही गाड्या पुढ्यात.

"काप यांले," ते म्हणाले. "मधोमध. खरी गाडी पाहू दे मले."

ज्याने कधी किट जोडलं नाही त्याला हे कळणार नाही. ही किटं पुन्हा मिळणार नव्हती. कापणं म्हणजे दोन्हींचा जीव घेणं. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, हत्यारांच्या पेटीतून बारीक करवत काढली. रेझिनची पूड छातीत जाऊ नये म्हणून पाणी लावत लावत कापावं लागतं. सुजाता वाटीतून थेंब सोडत होती, काकांनी गाडी दोन्ही हातांत धरली होती. त्यांची पकड इतकी पक्की होती की करवत एकदाही हलली नाही. अर्धा-पाऊण तासाने दोन्ही गाड्या कापून झाल्या.

मग बंगळुरूच्या गाडीचा डावा भाग आणि झेक गाडीचा उजवा भाग एकमेकांना लावून मी चिकटपट्टी गुंडाळली. मधली रेघ बरोबर जुळली. खांदे जुळले नाहीत. आणि तिसरीतल्या पोरीने पाहिलेली गाडी पन्नास वर्षांनी माझ्या समोर होती, जशीच्या तशी, एक खांदा वर, एक खाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती कुरूप नव्हती. कुणीतरी हाक मारल्यावर वळून बघणाऱ्या माणसासारखी दिसत होती.

देवाजीकाकांनी मलमल घातली. बोटं डाव्या खांद्यावरून आडवी उजवीकडे आणली आणि तिथेच ठेवली.

"तुहा बाप गावाले गेला होता, जत्रेले. दोन दिवस," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "मी एकटा होतो गॅरेजमंदी. पत्र्याले साबण फासायचा अन् भट्टीवर धरायचा. साबण काळा पडला का पत्रा नरम झाला, लगेच उतरवायचा. हे मले विष्णूनंच शिकवलं. त्या दिवशी माहं ध्यान नव्हतं. पत्रा जास्त तापला. ठोकाले घेतला त् कडेले फाटला. दुसरा पत्रा नव्हता वं, अन् परवाच्या दिवशी गाडी मद्रासले जाऊन राहिली होती. मग होता तेवढ्यात भागवलं. फाटलेला वीतभर तुकडा कापून टाकला, बाकीचा ठोकून ताणला, तरी खांदा दोन बोटं खाली घ्यावा लागला. ज्या लाकडाच्या साच्यावर पत्रा लावून माप पाहत होतो, त्याचा खांदा बी रंध्यानं उतरवला, का कोनाले मालूम पडू नये. अन् मग घासलं. लय घासलं. चमक दिसली का माप कोनी पाहत नाही."

"आणि मालकाने विचारलं तेव्हा?"

"झूट बोललो. सांगतलं असतं त् त्याच दिवशी हाकललं असतं मले. मंग गावात परत. ज्या कामातून बापानं काढलं, त्याच कामात. विष्णू त्याच गल्लीचा मानूस, मले वाटलं त्याले काय होते, चार दिवसानं विसरतीन लोक."

"नाही विसरले."

"नाही विसरले," ते म्हणाले. "मालूम आहे मले. विष्णूची बाजू पहिल्यापासून सरळ होती. तो साचाच त्याच्या हातचा होता."

याच वाक्यासाठी मी इतक्या लांब आले होते. ऐकल्यावर मला आनंद होईल असं वाटलं होतं. नाही झाला. मला राग आला. बाबा उन्हात बसून चिखल खरवडत मडगार्ड ठोकताना दिसले. शाळेच्या फाटकापाशी "वाकड्याची पोर" म्हणून ओरडणारी पोरं दिसली. आणि दर उन्हाळ्यात येणारी ती मिरचीची पार्सलं, जी बाबा एक शब्द न बोलता उघडायचे.

"मला सांगून काय उपयोग काका?" मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. "बाबा गेले. ज्या बाईने हे सगळं त्यांच्याबरोबर सोसलं, ती अजून आहे. तिला सांगा."

"लाव फोन," ते म्हणाले.

मी लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला. पलीकडे टीव्ही चालू होता.

"चटणी दिलीस का गं?" आईने विचारलं.

"दिली. काकांना बोलायचंय तुझ्याशी."

देवाजीकाका फोनकडे वाकले. "वहिनी, मी देवाजी. वहिनी, विष्णूची बाजू सरळ होती. वाकडी माही होती. पत्रा माह्या हातानं फाटला अन् मी झूट बोललो."

टीव्हीचा आवाज बंद झाला. मग आई म्हणाली, "म्हाईत हाय मला, भावजी."

मी ओरडले, "तुला कुणी सांगितलं?"

"ह्येंनीच की. जत्रेस्नं आलं त्याच दिशी. भट्टीमागं फाटका तुकडा घावला हुता त्यास्नी. पिशवीत घालून घरी घिऊन आलं."

"मग बाबा बोलले का नाहीत? सगळी गल्ली वाकडा म्हणत होती त्यांना!"

"मी बी ह्येच इच्यारलं हुतं. तर म्हनलं, मला घर हाय, गल्ली हाय, तू हाईस. त्यो लांबचा मानूस, त्येला काढलं तर जाईल कुठं?"

सुजाताने पदर तोंडाला लावला. मी ज्याला बाबांची शंका समजत आले, तो त्यांनी ठरवून धरलेला अबोला होता, आणि मी त्यांच्या वतीने भांडायला इथे आले होते.

"वहिनी," देवाजीकाकांनी कसंबसं विचारलं, "त्या तुकड्याचं काय केलं त्यानं?"

"झाकण केलं. चौकोनी. दुधाच्या पातेल्यावरचं. मंदा रोज उचलती की त्ये." मंदा म्हणजे मी. "तीन कडा त्येंनी दुमडून घेतल्या. चौथी, फाटल्याली, तशीच ठिवली. बोटाला लागती म्हनून मी कितींदा वरडले. तर म्हनायचे, ऱ्हाऊ दे. देवाजी आला की त्यो घील दुमडून."

देवाजीकाका भिंतीला हात टेकून उठले आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "सुजाता, माही मोगरी कुठं ठेवली वं?"